परदेशी परवाना आणि स्वदेशी नोकरी

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीचे मनुष्यबळाचे नियोजन तोकडे पडले. ही टंचाई पाहून, ज्याच्याजवळ परवाना आहे त्याच्याकडे नोकरी आपण होऊन चालत येत असेल, असा सामान्य माणसाचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. लाखो रुपये खर्चून परदेशात शिकून आलेले कितीतरी तरुण नोकरीविना घरी बसले आहेत. या विसंगतीचा उलगडा पालकांनी आणि मुलांना सल्ला देणाऱ्या शिक्षकांनी करून घेतला पाहिजे.

मुळात परदेशी परवान्याच्या बळावर येथील कंपनीत सरळ रुजू होता येत नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार, विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाजवळ असावा लागतो. आपल्याकडे हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. परदेशी परवाना खरा आहे, याची खातरजमा तो देणाऱ्या देशाकडून केली जाते. हवाई नियम, मार्गनिर्देशन व हवामानशास्त्र यांच्या परीक्षेत ७० टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओ संदेशवहनाची परीक्षा आणि पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी वेगळी. एकूण २०० तासांच्या उड्डाणांपैकी १०० तास प्रमुख वैमानिक म्हणून झालेले असावे लागतात. ३०० सागरी मैलांचा एक प्रवास आणि रात्रीची उड्डाणेही नोंदवहीत दिसावी लागतात. चाचणीची उड्डाणे ठरावीक मुदतीतली नसली, तर ती पुन्हा देणे आले.

हा सारा जाच आहे असे पुष्कळांना वाटते. परंतु २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविणारे वैमानिक पकडले गेले होते, हे विसरता येणार नाही. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती सोपवायचे, त्याची परीक्षा कडक असलीच पाहिजे. तक्रार कडकपणाबद्दल नसून दिरंगाईबद्दल असावी. कागदपत्रे अडून राहिली की उड्डाणाचा सराव सुटतो, चाचण्यांची मुदत टळते आणि कर्जाचे व्याज मात्र वाढत राहते.

खरी अडचण यानंतरच सुरू होते. लहान विमानावर शिकलेल्या तरुणाला एअरबस ए-३२० सारख्या विमानासाठी ‘टाइप रेटिंग’ हे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्याचा भारही बहुधा उमेदवारावरच पडतो. शिवाय कंपन्या स्वतःच्या योजनांतून घडविलेल्या प्रशिक्षणार्थींना आधी सामावून घेतात. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली, ही गोष्ट खरी. पण ती विमाने टप्प्याटप्प्याने येणार. शिवाय तीव्र टंचाई असते ती अनुभवी कॅप्टनची. त्या पदासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १५०० तासांचा अनुभव हवा. म्हणजे नोकरीवाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून ज्या जागा खरोखर रिकाम्या आहेत त्या मिळत नाहीत! त्यातच किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा तिचे अनुभवी वैमानिक याच रांगेत येऊन उभे राहिले.

यावर उपाय नाहीत असे नाही. परवाना-रूपांतराच्या प्रत्येक टप्प्याला शासनाने मुदत बांधून द्यावी. टाइप रेटिंगचा खर्च कंपन्यांनी करावा आणि हवे तर काही वर्षांच्या सेवेचा करार लिहून घ्यावा. उद्योगाला लागणारे मनुष्यबळ घडविण्याचा सगळा बोजा एखाद्या शिक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीवर टाकणे न्याय्य नव्हे.

पालकांनीही शिक्षणसंस्थांच्या जाहिराती वाचून घर गहाण टाकण्याची घाई करू नये. मुलाला परदेशी धाडण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी येथेच करून घ्यावी. येथील लेखी परीक्षांचा अभ्यास तेव्हाच सुरू करावा. आणि टाइप रेटिंगची रक्कम हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावी. परवाना पात्रता सिद्ध करतो, नोकरीची हमी देत नाही. हे ज्याने आधी ओळखले, त्याचे स्वप्न कर्जाच्या ओझ्याखाली दबून जाण्याची भीती पुष्कळच कमी होईल.