कचेरीबाहेरचा एक दिवस

दमदमा हा शब्द मराठी श्रोत्यांना बखरींतून परिचित आहे. वेढा घालणारे सैन्य किल्ल्यासमोर मातीचा उंचवटा रची, त्यावर तोफा चढवी आणि तेथून नेम धरी, तो दमदमा. कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडमचे नाव याच शब्दावरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. बंगालच्या सखल, पाणथळ भूमीत उंचवट्याचे मोल फार. नागेरबाजारजवळच्या अशाच एका टेकाडावर ‘क्लाइव्ह हाउस’ ही जीर्ण वास्तू उभी आहे. मूळ इमारत क्लाइव्हच्या आधीची. 1757 मधील प्लासीच्या लढाईनंतर त्याने ती वाढवून आपला शहराबाहेरचा बंगला केली. राजधानीच्या गलबल्यातून दूर जावे आणि मग काय ते ठरवावे, ही सत्ताधीशांची जुनीच सवय.

वास्तुशिल्पज्ञांच्या लहान कचेऱ्यांनाही अशा दिवसाची गरज भासते. आठ-दहा माणसे, भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीला टेकवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या, असा तो संसार. भाडे व पगार दरमहा द्यावे लागतात. मोबदला मात्र टप्प्याटप्प्याने मिळतो. प्राथमिक आराखडा, नगरपालिकेची मंजुरी, कामाचे तपशीलवार नकाशे, मग प्रत्यक्ष बांधकाम. एखादा टप्पा अडला की पैसाही अडतो. म्हणून दारी येईल ते काम घ्यावे लागते, आणि पाच-सात वर्षांनी ध्यानात येते की जे बांधावे म्हणून हा व्यवसाय पत्करला, ते सोडून इतर सर्व काही बांधून झाले! रोजच्या धावपळीत या गोष्टीची वाच्यता कोणी करीत नाही. दूरध्वनी खणखणत असतो, आणि कंत्राटदार दारात उभा असतो.

एकत्र बसून विचार करण्याची परंपरा या व्यवसायाला नवी नाही. वॉल्टर ग्रोपियस यांनी 1945 मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे सात तरुण सहकाऱ्यांसह ‘द आर्किटेक्ट्स कोलॅबोरेटिव्ह’ ही संस्था काढली. तेथे प्रत्येकाचे काम सर्वांच्या बैठकीत चर्चेला येई. ग्रोपियसांचेही त्यातून सुटत नसे. त्याच सुमारास हार्वर्डला त्यांच्या हाताखाली शिकत होते कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे. त्यांनी 1955 मध्ये शौकत राय यांच्यासह दिल्लीत आपली कचेरी थाटली. पुढे कानपूरच्या आय. आय. टी.च्या इमारतींनी ती नावारूपास आली. 1959 च्या मार्चमध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरविला, तेव्हा त्याच्या आयोजनात कानविंदे अग्रभागी होते. स्वतंत्र भारताने काय बांधावे, हा तेथला प्रश्न. लहान कचेरीचा प्रश्न तोच, केवळ आवाक्याने लहान.

दहा माणसांचा एक दिवस म्हणजे दहा दिवसांचे काम. लहान कचेरीला हा खर्च हलका नव्हे. तो सार्थकी लागावयाचा तर प्रमुखाने प्रथम बोलू नये. तो बोलला की इतरांच्या माना डोलू लागतात, आणि बैठकीचे प्रवचन होते. आरंभ बांधकामावरील पर्यवेक्षकाने करावा. नकाशावर देखणी दिसणारी गच्ची दुसऱ्या पावसाळ्यात कोठे गळते, हे त्याला ठाऊक असते. परंतु ते आरेखकाच्या फळ्यापर्यंत क्वचितच पोहोचते. हिशेबनिसानेही बोलावे, कारण कोणत्या कामाने कचेरीला पोसले आणि कोणत्याने खाल्ले, हे त्याच्याच वहीत असते.

‘उत्तम काम करू’ हे लक्ष्य नव्हे, ती सदिच्छा. ‘पूर्ण झालेल्या प्रत्येक घराला पहिल्या पावसाळ्यानंतर भेट देऊ, आणि दोष आढळल्यास पुढचा नकाशा बदलू’ हे लक्ष्य. त्याला मुदत आहे, आणि ते पाळले की नाही हे वर्षअखेर पाहता येते. अशी दोन-तीन पुरेत. त्यांत एक तरी नकाराचे असावे: कोणते काम यापुढे घ्यावयाचे नाही. हा निर्णय सर्वांत कठीण, कारण त्याची किंमत पुढच्याच महिन्याच्या पगारात मोजावी लागते. ती सोसण्यास सर्व तयार आहेत का, हे सर्वांसमक्ष विचारल्यावाचून त्याला अर्थ नाही.

कोलकात्याच्या कचेरीने या दिवसासाठी डमडम निवडले, तर दुपारी क्लाइव्ह हाउसभोवती एक फेरी अवश्य मारावी. जुनी भिंत कोठे संपते, क्लाइव्हची भर कोठे सुरू होते, यावर तरुण मंडळी वाद घालतील. पडझड झालेल्या भागात पाणी प्रथम कोठून शिरले, हे मात्र बहुधा तो पर्यवेक्षकच दाखवील.