आईच्या कॉम्प्युटरवर घडलेला अल्बम

ॲडलेड म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? क्रिकेटच ना! २०२० साली भारताचा अख्खा संघ ३६ धावांत गारद झाला, तो तिथेच. आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये द्रविडने २३३ धावा ठोकल्या, आगरकरने ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात ६ बळी घेतले आणि आपण कसोटी जिंकलो, तीही तिथेच. भल्या पहाटे उठून बघितलेली ती मॅच तुमच्या आईबाबांना अजून आठवत असेल.

पण त्या मॅचच्या तीनच महिने आधी, सप्टेंबर २००३ मध्ये, याच ॲडलेडमधल्या तिघा तरुणांनी एक वेगळीच मॅच सुरू केली होती. त्यांच्या हातात बॅट-बॉल नव्हता, होता एक मायक्रोफोन आणि घरातला साधासा कॉम्प्युटर. त्यांच्या ग्रुपचं नाव हिलटॉप हूड्स आणि त्यांच्या अल्बमचं नाव ‘द कॉलिंग’. त्या अल्बमची ही गोष्ट.

रॅप आलं कुठून?

आधी थोडी उजळणी करू या. हिप हॉप जन्मलं अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथल्या एका इमारतीत डीजे कूल हर्क या तरुणाने पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. गाण्यातला नाचायला सगळ्यात भारी वाटणारा ठेक्याचा तुकडा तो दोन रेकॉर्ड प्लेयर वापरून पुन्हा पुन्हा वाजवायचा. त्या ठेक्यावर कुणीतरी माइक घेऊन यमकं जुळवत बोलू लागलं. रॅप वाढलं ते असं. रेकॉर्ड वाजवणारा तो डीजे आणि माइकवर बोलणारा तो एमसी, बरं का!

१९८० च्या दशकात सिनेमांमधून आणि टीव्हीवरच्या व्हिडिओंमधून हे वेड समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात पोचलं. तिथली पोरं नाचू लागली, भिंती रंगवू लागली, रॅपही करू लागली. पण इथेच एक गंमत झाली. ही पोरं रॅप करायची ती अमेरिकन उच्चारात! घरी, शाळेत, मैदानावर अस्सल ऑस्ट्रेलियन बोलायचं आणि माइक हातात आला की जीभ वळवून न्यूयॉर्कवाल्यासारखं बोलायचं.

स्वतःच्या बोलण्याची लाज

का बरं असं? ऐकलेल्या सगळ्या रेकॉर्ड अमेरिकन, म्हणून रॅप म्हणजे अमेरिकन उच्चार असं डोक्यात बसलेलं, हे एक कारण. दुसरं कारण जुनं आणि खोल आहे. १९५० साली मेलबर्नमधले समीक्षक ए. ए. फिलिप्स यांनी एका निबंधात त्याला नाव दिलं, ‘कल्चरल क्रिंज’. हल्ली तुम्ही एखादी गोष्ट बघून ‘क्रिंज!’ म्हणता ना, तोच हा शब्द. आपल्या मातीतलं ते कमी दर्जाचं आणि बाहेरचं ते भारी, असं वाटून मन आक्रसणं. फिलिप्स लिहीत होते पुस्तकं आणि नाटकांबद्दल. पण रॅपलाही ते जसंच्या तसं लागू पडलं.

ऑस्ट्रेलियन बोलणं कसं असतं ते क्रिकेटच्या कॉमेंट्रीत तुम्ही ऐकलंच असेल. ‘टुडे’चं जवळजवळ ‘टुडाय’ होतं, ‘मेट’चं ‘माइट’ होतं आणि शब्दाच्या शेवटचा ‘र’ गुल होतो. असं बोलून रॅप केलं तर लोक हसतील, अशी भीती होती. आणि काही लोक खरंच हसायचेही.

अर्थात, न घाबरणारेही होते. सिडनीच्या पश्चिम उपनगरांतला डेफ विश कास्ट हा ग्रुप १९९३ सालीच आपल्या उच्चारात अल्बम काढून मोकळा झाला होता. त्यांनी वाट पाडली खरी, पण त्या वाटेवरून देशभरच्या घराघरांत कुणी पोचलं नव्हतं.

टेकडीवरची पोरं

ॲडलेडच्या टेकड्यांमध्ये ब्लॅकवुड नावाचं उपनगर आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये मॅथ्यू लॅम्बर्ट आणि डॅनियल स्मिथ या दोघांची दोस्ती झाली. पुढे मॅथ्यूने ‘सफा’ हे नाव घेतलं आणि डॅनियल झाला ‘प्रेशर’. ग्रुपच्या नावातलं ‘हिलटॉप’ म्हणजे टेकडीमाथा, तो याच भागावरून आला. नंतर बॅरी फ्रान्सिस, म्हणजे डीजे डेब्री, त्यांना येऊन मिळाला. १९९९ आणि २००१ मध्ये त्यांचे दोन अल्बम निघाले. हिप हॉपच्या शौकिनांनी ते उचलून धरले, बाकीच्यांना मात्र पत्ताही लागला नाही.

मग तिसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं. महागड्या स्टुडिओचं नाव कशाला, ‘द कॉलिंग’मधलं बरंचसं रेकॉर्डिंग झालं ते सफाच्या आईच्या कॉम्प्युटरवर! साधनं इतकी साधी होती, की अल्बममधले काही भाग चक्क ‘मोनो’ झाले.

मोनो म्हणजे काय? आपल्याला कान दोन, म्हणून आवाज कुठल्या बाजूने आला ते कळतं. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी आवाज वेगवेगळा नोंदवतात. त्यामुळे डोळे मिटले तरी ढोल डावीकडे आणि गिटार उजवीकडे असल्यासारखं वाटतं. मोनोमध्ये दोन्हीकडून एकच आवाज येतो. १९६० च्या दशकानंतर मोनो मागे पडत गेलं होतं. आणि २००३ सालचा हा अल्बम थोडाफार मोनो! पण ऐकणाऱ्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

मागच्या रांगेसाठी गाणं

या अल्बममधलं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे ‘द नोजब्लीड सेक्शन’. नाव ऐकून दचकू नका! मोठ्या स्टेडियममध्ये सगळ्यात वरच्या, सगळ्यात लांबच्या आणि म्हणून स्वस्त जागा असतात ना, त्यांना इंग्रजीत गमतीने असं म्हणतात. खूप उंचावर गेलं की काहींचा घोळणा फुटतो, म्हणजे नाकातून रक्त येतं, त्यावरून हा शब्द आला. पुढच्या रांगेतल्यांना आणि त्या शेवटच्या जागांवरच्यांनाही हे गाणं साद घालतं.

या गाण्याचा जीव आहे त्यातल्या एका जुन्या सुरात. मेलनी या अमेरिकन गायिकेच्या १९७० च्या दशकातल्या एका शांत गाण्याचा तुकडा त्यांनी घेतला, त्याला जोरकस ठेका जोडला आणि वर आपलं रॅप चढवलं. असा तुकडा उचलून नव्या गाण्यात गुंफण्याला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. आजीच्या जुन्या साडीची गोधडी शिवावी, तसं. मात्र गोधडीला आजी एका शब्दात हो म्हणते, सॅम्पलिंगसाठी मूळ गाण्याच्या मालकांची रीतसर परवानगी लागते आणि नाव द्यावं लागतं.

आणि उच्चार? अस्सल ॲडलेडचा! यात नुसता अभिमानाचा प्रश्न नव्हता. रॅपचा सगळा खेळ यमकांवर चालतो. इंग्रजीत ‘कॉट’ म्हणजे पकडलं आणि ‘कोर्ट’ म्हणजे न्यायालय. अमेरिकन माणूस ‘र’ स्पष्ट म्हणतो, म्हणून त्याच्या तोंडी हे दोन शब्द जुळत नाहीत. ऑस्ट्रेलियन माणूस दोन्ही अगदी सारखेच उच्चारतो. म्हणजे स्वतःच्या बोलीत अशी कितीतरी यमकं आयती मिळतात. उसन्या उच्चारात ती हातची जातात.

लोकांनी काय केलं?

मेलबर्नच्या ओबीस रेकॉर्ड्स या छोट्या, स्वतंत्र कंपनीने अल्बम बाजारात आणला. विक्रीच्या राष्ट्रीय यादीत तो पहिल्या ५० मध्येसुद्धा आला नाही. तुम्ही म्हणाल, मग फसलाच की!

पण पुढे ऐका. ऑस्ट्रेलियात ‘ट्रिपल जे’ नावाचं तरुणांसाठीचं सरकारी रेडिओ केंद्र आहे. दर वर्षी श्रोते मतं देऊन तिथे १०० आवडती गाणी निवडतात. २००३ सालच्या गाण्यांत ‘द नोजब्लीड सेक्शन’ देशविदेशातल्या नामवंतांना मागे टाकून थेट ९ व्या क्रमांकावर आलं. एकाने ऐकलं, दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. अल्बम हळूहळू खपत राहिला. ३५,००० प्रतींचा टप्पा ओलांडला की ऑस्ट्रेलियात अल्बमला ‘गोल्ड’चा मान मिळतो. ‘द कॉलिंग’ हा तो मान मिळवणारा पहिला ऑस्ट्रेलियन हिप हॉप अल्बम ठरला. पुढे तो ७०,००० चा टप्पा गाठून ‘प्लॅटिनम’ही झाला.

पाठोपाठ २००६ मध्ये आलेला त्यांचा ‘द हार्ड रोड’ हा अल्बम तर आल्या आल्या यादीत पहिला. पुढच्याच वर्षी ॲडलेड सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वादकांना बरोबर घेऊन त्यांनी तीच गाणी व्हायोलिन-चेलोंच्या साथीत नव्याने सादर केली. एके काळी ज्यांच्या उच्चाराला लोक हसायचे, त्यांच्या शेजारी आता सिम्फनीचे वादक!

आपल्याला वाट मिळाली तशी दुसऱ्यांनाही मिळावी, म्हणून त्यांनी २००५ पासून नवोदित हिप हॉप कलाकारांना अल्बम काढण्यासाठी आर्थिक मदत देणारी एक योजनाही सुरू केली.

‘आपला’ उच्चार म्हणजे कुणाचा?

इथे एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. ऑस्ट्रेलियन उच्चार म्हणजे नक्की कुणाचा? त्या देशात नाना देशांहून आलेली माणसं राहतात. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणारे मूळ रहिवासी आहेतच. त्यांच्या २५० हून अधिक भाषा होत्या. त्यांतल्या फार थोड्या आज लहान मुलांच्या तोंडी उरल्या आहेत.

२००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या संगीत पुरस्कारांत, म्हणजे एरिया पुरस्कारांत, अशा संगीतासाठी वेगळं बक्षीस सुरू झालं. ते पहिलं बक्षीस मिळालं कॅनबेराकडच्या कूलिझम या ग्रुपला. त्यातला रॅपर हाऊ याचं कुटुंब मूळचं टोंगा बेटांवरचं. बक्षीस घेताना त्याने मुलांना सांगितलं की जसे आहात तसे राहा, स्वतःच्या उच्चारात बोला.

आणि २०२२ मध्ये काय झालं माहीत आहे? त्याच पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला बेकर बॉयचा ‘गेला’. हा उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये वाढलेला योल्ङू तरुण इंग्रजीबरोबर आपल्या योल्ङू माथा भाषेत रॅप करतो. ‘माथा’ म्हणजे त्या भाषेत जीभ! सुरुवात उच्चारापासून झाली होती, ती आता भाषेपर्यंत पोचली.

‘द नोजब्लीड सेक्शन’ जुनं झालं असेल असं वाटतंय? २०२५ च्या जुलैमध्ये ट्रिपल जेने आजवरच्या सगळ्या ऑस्ट्रेलियन गाण्यांसाठी मतदान घेतलं. हे गाणं आलं दुसरं. तब्बल २२ वर्षांनी!

(आईबाबांसाठी एक सूचना: या अल्बममध्ये काही ठिकाणी मोठ्यांच्या तोंडचे कडक शब्द आहेत. मुलांना ऐकवण्याआधी तुम्ही एकदा ऐका.)

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी वर्गात एखादा नवा मुलगा किंवा मुलगी वेगळ्या लहेजात कविता म्हणायला उभी राहील, तेव्हा मागच्या बाकावरून हसू येऊ लागलं तर जरा थांबा. कान देऊन ऐका. काय सांगावं, त्या बोलीत अशी यमकं असतील जी तुमच्याकडे नाहीतच!