पोटात काही गेलं का?

बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीसारख्या गावातून अत्यवस्थ माणसाला गोंदियाला नाहीतर थेट नागपूरला हलवतात. आयसीयूच्या दाराशी ताटकळणारे नातेवाईक डॉक्टर दिसले की विचारतात, पोटात काही गेलं का? गेल्या शंभर वर्षांत वैद्यकाने या प्रश्नाची उत्तरं अनेकदा बदलली.

नाकातून जठरात जाणाऱ्या ज्या नळीला आपण रायल्स ट्यूब म्हणतो, ती लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या जॉन राइल यांची, १९२१ सालची. तिचं मूळ काम जठरातला रस तपासणीसाठी काढण्याचं. भरवणं मागाहून आलं. आतडंच बंद पडलेल्यांना मात्र तिचा उपयोग नव्हता. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याची पिल्लं केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवली, मग आतडं निकामी असलेल्या एका तान्ह्या मुलीलाही त्यावर जगवलं. वैद्यकातली ही थोर कामगिरी होय.

पण मग उत्साहाला लगाम राहिला नाही. आजार मोठा, तर कॅलरीही जास्त हव्यात, असं गृहीत धरलं गेलं. रक्तातली साखर चढली, जंतुसंसर्ग वाढले, यकृतात चरबी साचू लागली. २०११ मध्ये बेल्जियमच्या ४,६४० रुग्णांवरच्या चाचणीत, शिरेतलं पूरक पोषण आठव्या दिवसापर्यंत लांबवलेले रुग्ण आयसीयूतून लवकर बाहेर पडले. त्यांना संसर्गही कमी झाले. २०२३ ची फ्रान्समधली चाचणी व्हेंटिलेटरवरच्या, रक्तदाबाची औषधं चालू असलेल्या रुग्णांची. पहिला आठवडा अगदी कमी अन्न दिलेल्यांचे मृत्यू वाढले नाहीत, आयसीयूतला मुक्काम मात्र घटला. म्हणजे आतडं चालत असेल तर पहिल्या एकदोन दिवसांत नळीतून सुरुवात करायची, पण बेताने. आजारपणाआधीच अर्धपोटी राहिलेल्या मजुराच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. त्याला एकदम भरपूर दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदयही दगा देऊ शकतं.

आपल्या वॉर्डांत नळीतून बरीच वर्षं दूध, डाळीचं पाणी, मिक्सरमधून काढलेली खिचडी जात आली. भारतीय तज्ज्ञांचा कल आता तयार पावडरींकडे आहे. घरच्या फीडमध्ये प्रथिनं नेमकी किती हे कळत नाही, नळी तुंबते, जंतूही शिरतात, हे खरंच आहे. तरी डबा विकत घेणं न परवडणाऱ्या कुटुंबाला नुसती चिठ्ठी देणं मला पटत नाही. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातच मापून, गाळून फीड तयार व्हायला हवं.

आणि पुष्कळदा रुग्ण नळीसकट घरी येतो. तेव्हा सिस्टर जे करतात ते सुनेला किंवा मुलाला करावं लागतं: उशाकडची बाजू उंच करायची, नाकाजवळची खूण सरकली नाही ना हे बघायचं, ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू द्यायचं, शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची. खोकला आला की थांबायचं. वर्षानुवर्षं शुद्ध हरपलेल्या अरुणा शानबाग यांना मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी अन्न कुस्करून तोंडाने भरवलं. इतका धीर असलेली माणसं खैरलांजीच्या घराघरांतही आहेत. सुट्टी देण्याआधी त्यांच्याच हातांनी दोनचार फीड देववून घ्यावेत; डिस्चार्ज कार्डावरच्या ओळीने ते शिकवलं जात नाही.