समुद्रातल्या गोठ्यात शिरलेला रोग

एका गोठ्यात लाळ-खुरकूत आली की ती बघता बघता सारी आळी धरते. पाणवठा एक, चराई एक, वाट एक. समुद्रात मासे पाळणाऱ्यांचे दुखणेही हेच. त्यांचा तर पाणवठा म्हणजे सारा समुद्रच!

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात चिलोए बेटाच्या आसपास जाळ्यांचे मोठमोठे पिंजरे पाण्यात तरंगत ठेवून सॅमन मासा वाढवतात. एकेका ठिकाणी लाखो मासे असतात. धंदा तेजीत आला, तसे पिंजऱ्याला पिंजरा भिडला. लहान-मोठे मासे शेजारी शेजारी राहू लागले. त्याच होड्या, तीच जाळी सगळीकडे फिरू लागली.

जुलै २००७ मध्ये तिथे माशांच्या रक्तक्षयाचा विषाणू सापडला. फ्लूच्या विषाणूच्याच कुळातला हा विषाणू माणसाला बाधत नाही. पण माशाचे रक्त पातळ होते, कल्ले पांढरे पडतात आणि मासा दगावतो. २००८ साली चिलीत या जातीचे सुमारे चार लाख टन सॅमन निघाले होते. २०१० साली जेमतेम सव्वा लाख टन निघाले. हजारो मजुरांच्या हातचे काम गेले. ज्या घरांत नवरा-बायको दोघेही माशांच्याच कामावर होती, त्यांची चूल कशी पेटली असेल?

वास्तविक हा रोग नवा नव्हता. नॉर्वेत तो १९८४ सालीच दिसला होता. लागण झालेल्या माशाला औषध नाही, म्हणून तिथल्या लोकांनी शिस्त लावून घेतली. एका जागी एकाच वयाचे मासे ठेवायचे, एका पिंजऱ्यातले मासे दुसरीकडे हलवायचे नाहीत, मासे कापल्यावरचे रक्तपाणी शुद्ध केल्याशिवाय समुद्रात सोडायचे नाही. त्याने रोग पुष्कळ आटोक्यात आला.

चिलीलाही अखेर त्याच वाटेने जावे लागले. शेजारच्या पिंजरेवाल्यांचे गट पाडले. गटातल्या सर्वांनी बरोबर मासे सोडायचे, बरोबर काढायचे आणि नंतर तीन महिने पाणी मोकळे ठेवायचे, असा नियम झाला. २०१२ च्या सुमारास उत्पादन पूर्वपदावर आले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. कोंबड्यांची एक तुकडी गेल्यावर खुराडे धुऊन काही दिवस रिकामे ठेवा. नवे जनावर आणले तर ते आधी वेगळे बांधा. आणि गोठ्यात रोग आला तर लपवू नका. शेजाऱ्याला त्याच दिवशी सांगा. त्याचा गोठा वाचला, तरच आपलाही वाचतो.