निजेचे नाव न घेणारा पाळणा

मैफलीत श्रोत्याचा डोळा लागला तर तो गवयाचा पराभव आणि पाळण्यातल्या श्रोत्याचा डोळा न लागला तर तो गाणारणीचा पराभव. तेव्हा श्रोत्याने ऐकणे सोडावे एवढ्याचसाठी जो गीतप्रकार जन्मास आला, तो पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून तांदूळ निवडीत बसलेल्या बाईच्या ओठांवरून उचलून शास्त्रोक्त संगीताच्या बैठकीत आणून बसविण्याचा उद्योग वरवर पाहता विपरीतच म्हटला पाहिजे. परंतु रामनवमीस भर दुपारी बाराच्या ठोक्याला, टाळमृदंगाच्या गजरात पाळणा म्हणणाऱ्या आपल्या समाजाने तरी त्याचे नवल करू नये.

या उद्योगाचा सर्वोत्तम नमुना मल्याळम् भाषेत आहे. 1813 साली त्रावणकोरच्या गादीस पुरुष वारस उरलेला नव्हता. राणी गौरी लक्ष्मीबाई राज्य पाहत होती आणि कंपनी सरकारचा रेसिडेंट कर्नल मन्रो दिवाणगिरीची सूत्रेही स्वतःच्याच हाती बाळगून होता. अशा नाजूक प्रसंगी राणीस पुत्र झाला. जन्मापूर्वीच राजपद ठरलेला म्हणून ‘गर्भश्रीमान’ म्हणविला गेलेला हा बालक म्हणजेच पुढे वाग्गेयकार म्हणून कीर्तीस चढलेला स्वाती तिरुनाल. त्याच्यासाठी दरबारचे कवी इरयिम्मन तंपी यांनी ‘ओमनत्तिंकळ किडावो’ हा पाळणा रचला.

‘कीचकवध’ हे कथकळीचे आख्यान लिहिणाऱ्या या कवीने पाळण्यात जे केले, ते अलंकारशास्त्राचे पाठ घोकलेल्या वाचकास विशेष रुचेल. सबंध रचना प्रश्नांचीच आहे. समोर जे दिसते आहे ते कोवळे चंद्रबिंब की कमळ, मध की चांदणे, नाचणारा मोर की बोलणारा पोपट, अशी शंकांची माळ कवी ओवीत जातो आणि निवाडा म्हणून देत नाही. ससंदेह अलंकाराचा एवढा लडिवाळ विस्तार क्वचितच आढळेल. गंमत अशी, की ‘नीज’, ‘झोप’ अशा अर्थाची आज्ञा वा विनवणी या पाळण्यात कोठेही नाही. हे मला निव्वळ अनवधान वाटत नाही. ज्याची सर्व मुलूख डोळ्यांत तेल घालून वाट पाहत होता, त्याला डोळे मीट म्हणून कोण सांगणार?

निजवण्याचे काम मग राहिले ते सुरांकडे. हा पाळणा मुळात कुरिंजी रागातला. काही गायक तो नवरोज रागातही गातात. कुरिंजीचे स्वर आपल्या बिलावल थाटाप्रमाणे सर्व शुद्ध, परंतु त्याची हद्द मोठी विलक्षण आहे: खाली मंद्र निषाद, वर मध्य धैवत, आणि तेथूनच माघार. तार षड्ज त्याला वर्ज्यच. गवई मध्यमालाच आधारस्वर मानून तो गातात. आमच्याकडे तार षड्ज लागला की सभेतून दाद उठते. येथे तो प्रसंगच येत नाही, आणि दोरीच्या लांबीएवढाच झोका घेऊन स्वर परत येतो. शोपँने 1844 साली पियानोसाठी अंगाई रचली, तीत डाव्या हाताचा एकच झोका जवळजवळ अखेरपर्यंत चालू राहतो; तंपींच्या पाळण्यात तसा ठेका नाही, झोका आहे तो रागाच्या बांध्यातच.

दाक्षिणात्यांचा निद्रेसाठी खास मानलेला राग मात्र नीलांबरी. त्यागराजांनी रामाला झुलविण्यासाठी ‘उय्याल लूगवय्या’ ही तेलुगू रचना याच रागात बांधली. ते ज्या तिरुवय्यारूस राहत, तेथे त्यांच्या पूर्ववयात तंजावरच्या मराठ्यांचे राज्य नांदत होते. देवळातली शेजारती ज्याने ऐकली आहे, त्याला नीलांबरीची संथ, वळणावळणाने उतरणारी चाल परकी वाटणार नाही.

तंजावरचाच एक धागा त्रावणकोरासही पोहोचला. स्वाती तिरुनालच्या दरबारात तंजावरचे मराठी कीर्तनकार मेरुस्वामी यांचा मोठा मान होता. राजाने स्वतः अनेक भाषांत पदे रचली, पण आयुष्य थोडे लाभले. 1846 साली, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी तो वारला. ज्यांनी त्याचा पाळणा रचला होता, ते इरयिम्मन तंपी त्यानंतर आणखी दहा वर्षे जगले.