एकादशी आणि वजनकाट्यावरचा एक किलो

मागच्या आठवड्यात डाळीवर लिहायचं कबूल केलं होतं. वरणातली डाळ प्रथिनांच्या खात्यात लिहायची की पिष्टाच्या, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे आणि त्याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे. पण आषाढी तोंडावर आली आहे आणि चिपळूणच्या एका वाचक भगिनींचं पत्र समोर आहे. आषाढीआधी त्याला उत्तर मिळालं नाही, तर त्या पत्राचा उपयोग निघून जाईल. म्हणून डाळ पुढच्या आठवड्यावर ढकलतो.

पत्राचा मथितार्थ असा. कर्बोदकं कमी करण्याची ही लेखमाला सुरू झाल्यापासून त्यांनी सकाळचे पोहे बंद केले, दुपारचा भात सोडला, रात्री एकच भाकरी ठेवली आणि वजन साडेतीन किलोंनी उतरलं. योगिनी एकादशीला त्यांनी नेहमीसारखा उपवास केला. द्वादशीला सकाळी काट्यावर उभ्या राहिल्या तर वजन एक किलोहून जास्त वाढलेलं. "दिवसभर धान्याचा कण तोंडात घातला नाही. मग हा किलो आला कुठून? सगळं पाण्यात गेलं का?"

ताई, तुम्ही "पाण्यात गेलं" असं लिहिलंत. खरं म्हणजे पाणी तुमच्या अंगात आलं आहे. तो किलो चरबीचा आहे, हे आधी मनातून काढून टाका. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. एका दिवसात, त्यातून उपवासाच्या दिवशी, इतकं खाणं कुणालाही शक्य नाही.

मग काय झालं? आपलं शरीर साखरेचा थोडा साठा ग्लायकोजेनच्या रूपात जवळ ठेवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. हा साठा कोरडा नसतो. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. आपण कर्बोदकं कमी करतो तेव्हा पहिल्यांदा हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही निघून जातं. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं त्याचं कारण हेच. त्या वेळी मी "लगेच हुरळून जाऊ नका" असं लिहिलं होतं, ते यासाठीच. आता दिवसभर पिष्ट खाल्लं की साठा पुन्हा भरू लागतो आणि पाणी परत येतं. शिवाय रक्तात इन्शुलिन वाढलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, आणि मिठामागोमाग आणखी पाणी. पोटात अजून पचत असलेलं अन्नही काट्यावर चढतंच. हे सगळं मिळून एक किलो सहज होतो. ताईंनी द्वादशीपासून आपलं रोजचं जेवण चालू ठेवलं असेल, तर तीन-चार दिवसांत तो उतरलाही असेल.

तरीही एवढं सांगून मी थांबणार नाही, कारण पत्रातलं "नेहमीसारखा उपवास" हे मला खुपलं. तो नेहमीसारखा उपवास काय असतो? सकाळी साबुदाण्याची खिचडी. अकराच्या सुमाराला केळं. दुपारी चहाबरोबर बटाट्याचा चिवडा आणि राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी घरात कुणीतरी वडे तळलेले असतात. रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. आता हिशेब मांडू. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं असतात. प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत आणि चोथा नावापुरता. एका बशीत ५५-६० ग्रॅम साबुदाणा, त्यात अर्धा बटाटा. म्हणजे बशी ६० ग्रॅम कर्बोदकांवर गेली. तीन मध्यम पोळ्यांत जेवढी असतात तेवढी ही झाली. दोन वडे चाळीस, केळं पंचवीस, चिवडा वीस, लाडू वीस, वरी चाळीस. दिवसाची बेरीज २०० ग्रॅमच्या पुढे जाते. रोजचा जो आकडा आपण इतक्या आठवड्यांत १०० ग्रॅमच्या आसपास आणून ठेवला, त्याच्या बरोबर दुप्पट. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांनी केली त्यांच्याकडे कर्बोदकांचं कोष्टक नव्हतं, पण आकडा त्यांनी अचूक धरला होता.

आणि यात कुणाचा हावरटपणा नाही. उपवासाचा नियमच असा आहे की धान्य वर्ज्य आणि डाळ, कडधान्यही वर्ज्य. धान्य गेलं ते आपल्या पथ्यावर पडलं असतं. पण डाळ, उसळ, पिठलं गेलं की शाकाहारी घरातल्या प्रथिनांचा मोठा भाग गेला, आणि रिकामी झालेली जागा साबुदाणा, बटाटा, रताळं यांनी भरून काढली. प्रथिनं कमी पडली की भूक लवकर परत येते. उपवासाला दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं ते यामुळे.

त्यातून साबुदाणा पचतोही फार झटपट. हे असं का, ते समजायचं असेल तर तो तयार कसा होतो ते पाहायला हवं. आपल्या बाजारातला जवळजवळ सगळा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि त्याचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं सेलम. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांबरोबर केरळच्या किनाऱ्यावर उतरलेला. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी दुष्काळाला आधार म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. खरा जुना साबुदाणा आग्नेय आशियातल्या सागो माडाच्या खोडातल्या गराचा. दुसऱ्या महायुद्धात तिकडून येणारा माल थांबला आणि सेलमच्या लोकांनी टॅपिओकाच्या पिठापासून तसेच दाणे करायला घेतले. १९८१ साली तिथल्या उत्पादकांनी 'सागोसर्व्ह' ही सहकारी संस्था काढली. आपल्या वाण्याकडचं पोतं बहुधा त्याच भागातून आलेलं असतं.

कंद सोलून, धुऊन, यंत्रावर किसतात. तो किस पाण्याबरोबर गाळला की दुधासारखं पांढरं पाणी खाली येतं आणि चोथा वर राहतो. म्हणजे आपल्याला जे हवं असतं ते पहिल्याच पायरीला बाजूला निघालं. पांढरं पाणी टाक्यांमध्ये निवळत ठेवतात. तळाशी पिष्टाचा घट्ट थर बसतो. तो ओला थर फोडून, झोळीत किंवा यंत्रात हिंदकळत ठेवला की त्याचे गोल दाणे वळतात. ते चाळून, तेलाचा हात फिरवलेल्या तापलेल्या लोखंडी तव्यांवर भाजतात आणि मग वाळवतात. त्या भाजण्यात दाण्याचं पिष्ट अर्धवट शिजतं. घरी आपण त्याला भिजवून पुन्हा वाफ देतो. चोथा नाही, प्रथिन नाही, आणि पिष्ट दोनदा शिजलेलं. अशा दाण्याला आतड्यात अडवणारं काही उरत नाही. तासाभरात साखर वर. मी स्वतः ग्लुकोमीटर घेऊन हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाल्ल्यावर जो आकडा दिसतो आणि खिचडीनंतर जो दिसतो, त्यांत मला प्रत्येक वेळी लक्षात येईल एवढा फरक दिसला.

याचा अर्थ साबुदाणा वाईट असा मी काढत नाही. आळंदीहून निघून अडीचशे किलोमीटर पायी चालत पंढरपूर गाठलेल्या वारकऱ्याच्या पायांनी आपला साठा रोज जाळलेला असतो. त्याच्या पोटात गेलेली खिचडी सरळ स्नायूंकडे जाते आणि तिथे तिची गरज असते. प्रश्न आपला आहे. आपण आषाढीला घरी असतो आणि दोन बश्या खाऊन आडवे होतो.

मग करायचं काय? उपवास सोडा असं मी सांगणार नाही. उपवासाच्या ताटात खरा कामाचा पदार्थ आधीपासून हजर आहे, फक्त त्याला आपण कमी लेखतो. तो म्हणजे शेंगदाणा. १०० ग्रॅम दाण्यांमध्ये २५ ग्रॅम प्रथिनं, पन्नासच्या आसपास स्निग्धांश, आणि कर्बोदकं जेमतेम सोळा. त्यातलाही अर्धा चोथाच. माझं म्हणणं एवढंच की साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट घालण्याऐवजी दाण्याच्या खिचडीत साबुदाणा घाला.

दोन माणसांसाठी माझं प्रमाण असं आहे. साबुदाणा ४० ग्रॅम, म्हणजे वाटीचा तिसरा हिस्सा. दाणे ६० ग्रॅम, निम्म्यांचं भरड कूट, निम्मे अख्खे. बटाटा अजिबात नाही. त्याच्या जागी लाल भोपळा, दीडशे ग्रॅम, जाड किसणीने किसलेला. साबुदाणा पांढरं पाणी जाईपर्यंत धुवा, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चार-पाच तास झाका. दोन बोटांत दाबल्यावर दाणा कणी न लागता चेपला की झाला. तुपात जिरं-मिरचीची फोडणी करून आधी अख्खे दाणे तांबूस परता, मग भोपळा घाला आणि त्याचं पाणी आटेपर्यंत उघडाच ठेवा. इथे घाई केली तर खिचडीचा गोळा होतो. पाणी आटलं की कूट, मीठ, आणि सगळ्यात शेवटी साबुदाणा. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं. दाणा पारदर्शक झाला की खाली उतरवा. कूट भरपूर असल्यामुळे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत आणि नेहमीच्या खिचडीपेक्षा ही मोकळी होते. बरोबर घट्ट दही आणि खमंग काकडी घ्या. एका माणसाच्या वाट्याला २५-३० ग्रॅम कर्बोदकं येतात, साठाच्या जागी. आणि दह्यासकट दहा-बारा ग्रॅम प्रथिनं. ही खाल्ल्यावर अकराचं केळं आठवत नाही. दाण्यांत उष्मांक भरपूर असतात, तेव्हा ६० ग्रॅमचे १०० करू नका.

घराघराचे नियम वेगळे असतात हे मला माहीत आहे. कुणाकडे भेंडी चालते, कुणाकडे कोथिंबीरसुद्धा चालत नाही, कुणाकडे जिरं वर्ज्य. तुमच्याकडे जे चालतं त्यातून भाजी निवडा. भोपळ्याचं भरीत मात्र बहुतेक घरांत चालतं आणि ते उत्तमच. रात्रीला वरी करायची तर अर्धी वाटी शिजवलेली वरी आणि मोठी वाटी दाण्याची आमटी, असं प्रमाण उलटं करा. वरीत चोथा आणि प्रथिनं साबुदाण्यापेक्षा खूपच बरी आहेत. राजगिऱ्याचा दाणा चांगला, पण लाही फुटल्यावर तो फार झटपट पचतो आणि लाडवात वर गूळ असतो. तो लाडू मी मुलांसाठी ठेवीन. राजगिऱ्याचं पीठ थोडं दही घालून थालीपिठासारखं लावलं तर जास्त बरं.

दोनदाच जेवणाऱ्या, डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने चालणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे की एकादशीला त्यांनी काय करावं. तुम्हाला उलट सोपं आहे. दोन वेळा ठरलेल्याच ठेवा आणि त्या दोन्ही वेळांना वरची खिचडी किंवा भरीत-दही घ्या. मधला चिवडा, केळं, लाडू आपोआप गळतो.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. जे इन्शुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर आहेत, त्यांनी एकादशीला कर्बोदकं एकदम निम्म्यावर आणण्याआधी किंवा निर्जळी करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून औषधाचं प्रमाण ठरवून घ्यावं. खाणं कमी आणि गोळी तेवढीच, यात साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हे बोलणं आठवडाभर आधी व्हायला हवं, एकादशीच्या सकाळी नव्हे.

आणि ताई, द्वादशीला काट्यावर उभ्या राहू नका. पौर्णिमेला वजन करा आणि तो आकडा मला कळवा. पुढच्या आठवड्यात डाळ. तूर, मूग, उडीद आणि हरभरा यांची पाकिटं घरात असतील तर त्यांच्या मागच्या बाजूचे आकडे तोवर एका कागदावर उतरवून ठेवा, आपल्याला ते शेजारी शेजारी लागतील.