अष्ठीला ग्रंथी आणि आमचे आबाजी

हा विषय मुलीने वार्षिकांकात लिहावा काय, असे एका मैत्रिणीने मला विचारले. लिहावा, असे मला वाटते. कारण कोणी काही न बोलल्यामुळेच आमच्या घरी तो प्रसंग ओढवला.

आमचे गाव मार्कंडा. वैनगंगा येथे उत्तरेकडे वळते. आबाजींनी एका उन्हाळ्यात आपली खाट अंगणात मोरीजवळ हलविली. त्यात आम्हांला काही वावगे वाटले नाही. पण थंडी पडली तरी खाट तेथेच! रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, हे त्यांनी कोणाला सांगितलेच नव्हते. पुढे महाशिवरात्रीच्या जत्रेत सर्दी झाली. त्यांनी दुकानातून गोळ्या आणून घेतल्या आणि त्याच रात्री लघवी साफ बंद झाली. पोट ताठ झाले, तरी म्हणत होते, "म्हातारपनात असंच रायते, पोरी." पहाटे चामोर्शीला नेले. नळी घालताच लघवी वाहू लागली आणि आबाजी तेथेच झोपी गेले.

सर्दीच्या काही गोळ्या नाक मोकळे करतात, पण मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात. ज्याची वाट आधीच अरुंद, त्याची ती पुरती बंद होऊ शकते.

ही वाट अरुंद होते कशाने? पुरुषाच्या मूत्राशयाखाली मूत्रनलिकेभोवती एक लहानशी ग्रंथी असते. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात, मराठी विश्वकोश अष्ठीला ग्रंथी म्हणतो. सुश्रुतसंहितेतही मलमार्ग व मूत्राशय यांच्यामध्ये घट्ट गाठ होऊन लघवी अडण्याच्या 'वाताष्ठीला' विकाराचे वर्णन आहे. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही ग्रंथी वाढू लागलेली असते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. आबाजींना मी धानाच्या बांधीचे उदाहरण दिले : बांधीत पाणी पुष्कळ आहे, पण तोंडाशी माती चढली. मग मूत्राशय जोर लावून थकते, लघवी आत साचून राहते, खडे होतात आणि शेवटी मूत्रपिंडांवर ताण येतो.

नागपूरला डॉक्टरांनी सात प्रश्नांचा कागद दिला. धार बारीक आहे काय? मध्येच थांबते काय? जोर करावा लागतो काय? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. घरात वाचता येणारी मीच. आबाजी भिंतीकडे तोंड करून उत्तरे देत होते. वीस गुणांच्या वर त्रास तीव्र समजतात; त्यांचे सव्वीस झाले. शेवटी एक आठवा प्रश्न होता : उरलेले आयुष्य असेच काढावे लागले तर कसे वाटेल? त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

लवकर आले असते तर कदाचित गोळ्यांवर भागले असते. टॅमसुलोसिन स्नायू सैल करते व काही दिवसांतच गुण देते. फिनास्टेराइड ग्रंथी आक्रसविते, पण त्याला सहा महिने लागतात. शस्त्रक्रिया म्हणताच आबाजींनी पोटावर हात ठेवला. पूर्वी पोट उघडूनच ग्रंथी काढीत. आता लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून विजेच्या तारेने ती आतून तासतात.

त्याहून सौम्य उपायही निघाले आहेत. एकात बारीक टाचे लावून ग्रंथीचे दोन्ही भाग पडद्यासारखे बाजूला बांधतात, कापणे नाहीच. दुसऱ्यात पाण्याची वाफ सुईने आत सोडतात, एका वेळी नऊ सेकंद. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. तिसऱ्यात रक्तवाहिनीतून सूक्ष्म मणी सोडून ग्रंथीचा रक्तपुरवठा तोडतात. यांत रक्तस्राव कमी, घरी लवकर परतता येते आणि पुरुषाच्या वीर्यस्खलनात सहसा बाधा येत नाही. तासण्याच्या शस्त्रक्रियेत ती बहुधा येते. मात्र तासल्याने धार अधिक मोकळी होते. वाफेचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि या सौम्य उपायांनंतर पुढे पुन्हा उपचार करावा लागण्याचा संभव अधिक असतो. ग्रंथी फार मोठी असेल तर टाचे चालत नाहीत.

मला वाफेचाच मोह पडला होता. पण सोनोग्राफीत आबाजींच्या मूत्राशयात खडा दिसला. खडा व ग्रंथी एकाच वेळी काढता येतील, म्हणून डॉक्टरांनी तासण्याचा मार्ग सुचविला. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती शस्त्रक्रिया बसली. कमरेत सुई देऊन ती झाली आणि चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो.

परवा पारावरच्या एका सोबत्याने आबाजींना हळूच विचारले, "नळी घालताना लय दुखते का?" आबाजींनी त्याला माझ्याकडे पाठविले. मी वहीचे पान फाडून सातही प्रश्न लिहून दिले. आठवा आबाजींनी स्वतः सांगितला.